‘मस्त!’च्या पुढचं वाक्य: दुसऱ्याच्या डिजिटल चित्रावर अभिप्राय कसा द्यावा

कुणीतरी आठ-दहा तास स्टायलस (स्क्रीनवर चित्र काढायचं पेन) घासून चित्र पूर्ण करतं, ऑनलाइन टाकतं, आणि खाली प्रतिक्रिया येतात: मस्त, भारी, कडक, तीन बदाम, एक आगीचा इमोजी. यात वाईट काही नाही, चित्रकाराला तेवढ्यानंही बरं वाटतं. पण पुढच्या चित्रासाठी त्याच्या हाती काही लागत नाही. मग एखादा महाभाग उगवतो, ‘ॲनाटॉमीची बोंब आहे’ एवढं लिहितो आणि अंतर्धान पावतो. त्यातूनही हाती काही लागत नाही, वर दिवस खराब होतो तो वेगळाच.

या दोन्हींपेक्षा बरं लिहिता येतं, आणि त्यासाठी स्वतःला चांगलं चित्र काढता यायलाच हवं असं नाही. नवीन माणसं इथेच अडतात, ‘मला कुठे काय कळतं’ म्हणून गप्प बसतात. पण चित्रकाराकडे एव्हाना उरलेली नसते अशी एक गोष्ट तुमच्याकडे असते: ताजी नजर. ते चित्र त्यानं इतका वेळ पाहिलेलं असतं की त्याला ते दिसेनासं झालेलं असतं. तुमचा डोळा आधी कुठे गेला, कुठे रेंगाळला, कुठे अडखळला, एवढं प्रामाणिकपणे सांगितलंत तरी पुष्कळ झालं. खालच्या सगळ्या पायऱ्या हे नीट सांगता यावं म्हणूनच आहेत.

पायरी १: मागितलंय का, ते बघा

चित्राखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. ‘सुधारणा सुचवा’, ‘कुठे चुकतंय कळत नाहीये’ असं काही लिहिलं असेल तर रस्ता मोकळा. ‘बऱ्याच महिन्यांनी काहीतरी काढलं’ एवढंच असेल तर चुका काढत बसू नका. न मागितलेला सल्ला कितीही बरोबर असला तरी तो आगाऊपणाच वाटतो. अशा वेळी फक्त कौतुक करा, पण नेमकं. ते कसं, ते पायरी ३ मध्ये येईलच. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा: ‘एक गोष्ट जाणवली, सांगू का?’ उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

मजकूर वाचायचा आणखी एक फायदा मी स्वतःचं हसं करून शिकले. एका चित्रातल्या जादूगाराला सहा बोटं होती. मी लगेच मोठ्या प्रेमानं लिहिलं की हात छानच जमलाय, फक्त एक बोट जास्त झालंय. चित्राखाली पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, ‘माझ्या कथेतला सहा बोटांचा जादूगार’.

काम कोणत्या टप्प्यावर आहे तेही बघा. कच्चं रेखाटन असेल तर पापण्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही, कारण त्या चार वेळा पुसल्या जाणार आहेत. उलट तेव्हाच सांगायला हवं की आकृती चौकटीच्या खालच्या काठावर फार दाटून बसली आहे. पूर्ण झालेल्या चित्रात हिशोब बदलतो. डिजिटलमध्ये प्रत्येक दुरुस्तीची किंमत सारखी नसते. रंग वेगळ्या लेअरवर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांवर, असतील तर सबंध पार्श्वभूमी थंड रंगात नेणं मिनिटाचं काम आहे. डोळा किंचित खाली सरकवायला लिक्विफाय, म्हणजे काढलेला भाग ढकलून हलवायचं साधन, पुरतं. पण खोलीचा पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-दूरचा भास, चुकला असेल तर जवळजवळ सगळं पुन्हा काढावं लागतं. तेव्हा पूर्ण झालेल्या चित्रात असं काही दिसलं तर ‘पुढच्या वेळी’ असं म्हणूनच सांगा.

पायरी २: पाच मिनिटं नुसतं बघा

लिहिण्याआधी बघणं. हे सांगावं लागतं, कारण सरकत्या पडद्यावर आपण चित्र दोन सेकंद बघतो आणि मत तयार होतं.

आधी स्वतःचा स्क्रीन तपासा. रात्री फोनचा निळा प्रकाश कमी करणारा मोड चालू असतो, सगळं पिवळसर दिसतं, आणि आपण बिनधास्त लिहितो, ‘त्वचेचा रंग फार पिवळा वाटतोय’. तो मोड बंद करा, ब्राइटनेस मध्यम ठेवा. आकाशात पट्टे किंवा कडांशी चौकोनी कचरा दिसला तर तो चित्रकाराचा दोष असेलच असं नाही. बऱ्याच साइट चित्र चढवताना ते दाबून छोटं करतात, त्यात गुळगुळीत उतरत जाणाऱ्या रंगछटांची वाट लागते.

मग चित्र लहान करा, टिकलीएवढं. बारकावे नाहीसे होतात आणि गडद-उजळ डागांची मांडणी तेवढी उरते. या आकारातही ‘कोण, कुठे’ हे कळतंय का? डोळे बारीक करून बघितलं तरी तेच साधतं. त्यानंतर चित्र सेव्ह न करता नुसता स्क्रीनशॉट घ्या आणि फोनच्या फोटो एडिटरमध्ये कृष्णधवल करा. लाल फूल आणि हिरवं पान रंगीत चित्रात एकमेकांपासून ठळक वेगळे दिसतात, पण करडे केल्यावर एकच गोळा झाला तर समजायचं की रंग वेगळे आहेत, उजळपणा मात्र सारखाच आहे. ‘चित्र सपाट वाटतं’ अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

शेवटी तोच स्क्रीनशॉट आडवा उलटा करा, म्हणजे डावं उजवीकडे. एक डोळा वर, जबडा एका बाजूला ओघळलेला, अख्खी आकृती कललेली, हे सगळं फटकन दिसतं. युक्ती काही ॲपवाल्यांची नाही. चित्र आरशात बघावं म्हणजे चुका परक्याच्या चित्रासारख्या दिसतात, असं लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय. आता त्याला ‘फ्लिप’ म्हणतात एवढंच.

बघून झाल्यावर स्क्रीनशॉट पुसून टाका. दुसऱ्याचं चित्र आपल्या गॅलरीत ठेवून काय करायचंय?

पायरी ३: आवडलं त्याला नाव द्या

कौतुक ही सल्ल्याआधी तोंडात घालायची साखर नव्हे. चित्रकाराला काय जमलंय हे त्यालाही नेहमी ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलं तर पुढच्या वेळी तो नेमकी तीच गोष्ट बदलून टाकतो. म्हणून ‘रंग सुंदर’ याऐवजी: ‘सावल्यांत काळा न घालता जांभळा वापरलाय, त्यामुळे ऊन खरंच कडक वाटतंय.’ ‘छान लाइटिंग’ याऐवजी: ‘कानाच्या पाळीतून उजेड आरपार येऊन ती लालसर झालीये, तिथे मी थांबले.’ एकच वाक्य, पण त्यात एक जागा आहे आणि तिथे काय घडलं तेही आहे.

कौतुकाच्या काही ठरलेल्या वाक्यांपासून मात्र मी आताशा लांब राहते. ‘अगदी फोटोच वाटतो!’ हे त्यांतलं पहिलं. ज्यानं मुद्दाम जाड रेघ आणि सपाट रंग निवडलेत त्याला हे ऐकून काय वाटेल? आणि फोटोसारखं दिसणं हीच चित्राची परीक्षा आहे असं ठरवलं कुणी? दुसरं, ‘देवाची देणगी आहे तुमच्या हातात’. म्हणणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण त्या माणसानं हातांचे पंजे काढून काढून भरवलेल्या शेकडो पानांवर आपण बोळा फिरवतो. तिसरं, ‘मला तर सात जन्मांत जमणार नाही’. आता चित्रकारानं आभार मानायचे की तुमची समजूत काढायची?

आणि खोटं कौतुक नको. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस कधीतरी खाली येतोच, आणि तेव्हा त्याला पहिली आठवण तुमची होते. काहीच आवडलं नाही तर लिहू नका, पुढे जा. प्रत्येक चित्रावर बोललंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

पायरी ४: एकच अडचण निवडा

पाच मिनिटं बघितल्यावर सात गोष्टी दिसलेल्या असतील. त्यातली एक निवडा. फार तर दोन. सातही सांगितल्या तर वाचणारा एकही दुरुस्त करत नाही, टॅब बंद करतो.

कोणती निवडायची? मोठीपासून लहानीकडे या. आधी मांडणी: डोळा जिथे जायला हवा तिथे जातोय का? मग गडद-उजळाचा तोल आणि उजेडाची दिशा. मग आकार आणि प्रमाण. मग रंग. कडा, पोत, केसांच्या बटा सगळ्यांत शेवटी. वरच्या पातळीवर काही अडत असेल तर खालच्या पातळीचं बोलू नका. भिंत वाकडी असताना रंगाची छटा सुचवण्यासारखं आहे ते.

नवशिक्यांच्या चित्रांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. त्या ओळखता आल्या तर ‘काहीतरी खटकतंय’ याच्या पुढे जाता येतं:

- डोळे कपाळात चढलेले. मोठ्या माणसाचं डोकं समोरून पाहिलं तर डोळे साधारण मध्यावर येतात. केसांखालची कवटी आपण विसरतो आणि डोळे वर जातात.
- कडेपासून आत सगळीकडून सारखंच गडद केलेलं शेडिंग. वस्तू फुगीर दिसते, उशीसारखी, पण उजेड कुठून येतोय ते कळत नाही.
- दोन कडा नुसत्या टेकलेल्या: डोक्याचा वरचा काठ आणि मागच्या डोंगराची रेघ नेमकी एकाच जागी. डोळा तिथे अडकतो. एकतर नीट झाकलं जावं, नाहीतर स्वच्छ अंतर असावं.
- प्रत्येक भाग सारख्याच बारकाईनं रंगवलेला. झूम करून काम केलं की हे होतं. मागच्या भिंतीची वीटन् वीट कोरलेली, आणि चेहरा त्यात हरवलेला.

शैली आणि चूक यांत गल्लत मात्र करू नका. कार्टूनमधले मोठाले डोळे ही चूक नव्हे. ओळखायचं कसं? एक डोळा मोठा आणि दुसरा न कळत लहान असेल तर चुकलं असावं. दोन्ही मोठे, नाक इवलंसं, हातही त्याच हिशोबात, असं असेल तर ती निवड आहे. तरीही शंका उरलीच तर विचारा.

पायरी ५: निकाल देऊ नका, दिसलं ते लिहा

हाच सगळ्यात कठीण भाग, म्हणून एक उदाहरण जवळून बघू.

चित्र असं होतं. रात्र. एक बाई टेबलाशी बसून पत्र वाचतेय. टेबलावर डावीकडे दिवा, उजवीकडे मागे खिडकी, खिडकीत पूर्ण चंद्र. चेहरा फार सुरेख काढलेला, ओठ किंचित उघडे, जणू एखादा शब्द तिनं पुटपुटला असावा. पण दिवा डावीकडे असून नाकाची सावलीही डाव्या गालावरच पडलेली, म्हणजे उजेडाच्याच दिशेनं. बहुधा चेहऱ्यासाठी वापरलेल्या फोटोत उजेड उजवीकडून असावा. आणि सबंध चित्रात सर्वांत पांढरा डाग होता तो चंद्राचा. खाली लिहिलं होतं: ‘काहीतरी बसत नाहीये, मदत करा.’

माझा पहिला मसुदा:

‘चेहरा छान जमलाय, पण लाइटिंग चुकलंय. नाकाची सावली उजव्या बाजूला घ्या आणि चंद्राचा ब्राइटनेस कमी करा.’

यात खोटं काही नाही. पण ‘पण’ आला की त्याच्या आधीचं कौतुक पुसलं जातं, वाचणारा त्या ‘पण’चीच वाट बघत असतो. ‘चुकलंय’ हा निकाल झाला. आणि शेवटच्या वाक्यात मी चक्क चित्र काढणारीच्या हातातला ब्रश काढून घेतला. दुरुस्ती कशी करायची हे तिनं ठरवायचं. तिच्या लेअर कशा आहेत, तिला चंद्र किती प्रिय आहे, हे मला इथे बसून काय माहीत? उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच हा प्रकार.

दुसरा मसुदा, जो पाठवला:

‘तिचे ओठ किंचित उघडे आहेत, त्यामुळे ती पत्र मनात नाही तर पुटपुटत वाचतेय असं वाटलं. ते फार आवडलं. तुम्ही म्हणता ते “बसत नाहीये” मला दोन ठिकाणी जाणवलं. माझा डोळा आधी चंद्रावर गेला आणि पत्रापर्यंत यायला वेळ लागला. दुसरं, दिवा डावीकडे दिसतोय आणि नाकाची सावलीही डावीकडेच पडलीये, म्हणून उजेड नक्की कुठून येतोय याचा मला गोंधळ झाला. चित्रात मुख्य काय दिसावं असं तुमच्या मनात होतं?’

‘माझा डोळा गेला’, ‘मला गोंधळ झाला’ ही नुसती सभ्यता नाही. डोळा खरोखर तिथे गेला, यावर वाद घालता येत नाही. ‘चुकलंय’वर घालता येतो, आणि लोक घालतात.

अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च म्हणा, त्याचं वय दिसत नसतं. ‘अरे, हे असं नसतं करायचं’ हा सूर समोर बसून, खांद्यावर हात ठेवून खपतो. लिहिलेल्या शब्दाला ना आवाज असतो ना हसू, ‘अरे’ तेवढा उरतो.

पायरी ६: खरा प्रश्न विचारा

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये अभिप्रायाची एक चार टप्प्यांची पद्धत बसवली. आधी पाहणाऱ्यानं सांगायचं की या कामात त्याला काय अर्थपूर्ण वाटलं. मग कलाकारानं प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि मत अगदी शेवटी, तेही कलाकारानं होकार दिला तर. पद्धत नृत्याच्या जगातून आली, पण चित्राला चपखल बसते.

त्यातला ‘तटस्थ’ हा शब्द पकडून ठेवा. ‘पार्श्वभूमी इतकी काळी का केली?’ हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेली नापसंती आहे. ‘पार्श्वभूमीचा रंग ठरवताना काय डोक्यात होतं?’ हा प्रश्न आहे, कारण याचं उत्तर मला खरंच माहीत नाही.

मला स्वतःला मिळालेला सर्वांत उपयोगी अभिप्राय असाच दोन ओळींचा होता. कुणीतरी माझी जुनी चित्रं चाळून लिहिलं होतं: ‘पाचही चित्रांत हात पाठीमागे किंवा खिशात आहेत. मुद्दाम, की हात काढायचा कंटाळा? मला तरी भीतीच वाटायची.’ चोरी पकडली गेली होती, पण पकडणारा त्याच गल्लीतला निघाला. त्या आठवड्यात मी फक्त हात काढले.

पायरी ७: त्याच्या चित्रावर रेघ मारण्याआधी

काही गोष्टी शब्दांत सांगणं अवघड असतं. खांदा किती खाली हवा हे लिहिण्यापेक्षा वर एक लाल रेघ मारणं सोपं. याला रेडलाइन किंवा ड्रॉ-ओव्हर म्हणतात आणि नीट केलं तर फार उपयोगी पडतं. परवानगी मात्र आधी घ्या, दर वेळी. अडलेल्या जागेपुरतीच रेघ मारा. चेहरा अख्खा आपल्या पद्धतीनं रंगवून ‘हे बघा, असं’ म्हणणं म्हणजे मदत नव्हे, मिरवणूक. ती प्रत फक्त त्याच माणसाला पाठवा, आपल्या पानावर ‘आधी आणि नंतर’ म्हणून टांगू नका.

दुसऱ्याचं चित्र चोरून टाकलंय किंवा एआयनं बनवलंय असा संशय आला तर चारचौघांत गुप्तहेर होऊ नका. अंदाज चुकतात, आणि एखाद्यानं स्वतःच्या हातानं काढलेल्या चित्राला ‘एआय आहे ना?’ म्हणणं फार लागतं. भक्कम पुरावा असेल तर मूळ चित्रकाराला खासगीत कळवा. नसेल तर सोडून द्या.

पायरी ८: पाठवण्याआधी, आणि पाठवल्यावर

एकदा मोठ्यानं वाचा. जिथे आवाज चढतो तिथलं वाक्य बदला. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘साधी गोष्ट आहे’ हे शब्द सापडले तर काढून टाका. जी गोष्ट साधी आहे ती जमली नाही असं कुणालाच ऐकायचं नसतं.

उत्तर आलं नाही तर पाठपुरावा करू नका. ‘माझा हेतूच तसा होता’ असं उत्तर आलं तर ‘अच्छा, मग आता कळलं’ म्हणून थांबा. काथ्याकूट नको. आपलं चुकलं असेल तर तसं लिहा. सहा बोटांच्या जादूगाराची मी माफी मागितली, आणि त्यावर चित्रकारानं सहा बोटांचा नमस्कार काढून पाठवला.

जमलं तर थोड्या दिवसांनी पुन्हा त्या माणसाच्या पानावर डोकावा. पत्र वाचणाऱ्या बाईचं चित्र पंधरा दिवसांनी नव्यानं आलं. नाकाची सावली तिनं अजिबात हलवली नव्हती, चंद्रही तेवढाच पांढरा होता. तिनं दिवाच उचलून उजवीकडे ठेवला होता. सावली आपोआप खरी झाली, आणि दिव्याच्या शेडनं चंद्राचा निम्मा भाग झाकला होता.